चौतीस वाक्यांची इंग्रजी

दिगंबरभटांना इंग्रजी येते असे पुण्यात पाच-पन्नास माणसे मानत होती. येत नाही असे मानणारी दोनच होती: एक त्यांची बायको मुक्ताबाई आणि दुसरे ते स्वतः. दोघेही ही गोष्ट बाहेर बोलत नव्हते, कारण दिवाळीनंतर पुण्यात राहायचे की नाही हे त्या पाच-पन्नास माणसांच्या समजुतीवर ठरणार होते.

भटजींचा धंदा वेद म्हणण्याचा, आणि तोही घनपाठाने. घनपाठात मंत्राचे शब्द नुसते ओळीने म्हणत नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मग तिसरा धरून तिन्ही सरळ, तिन्ही उलटे, पुन्हा तिन्ही सरळ, असे विणत विणत पुढे जायचे. असे विणले की एकही शब्द जागचा हलत नाही. शिवाय त्यांच्या शाखेत स्वर नुसता गळ्यात नसतो, हातातही असतो. जिभेवर जो शब्द असेल त्याचा चढउतार उजवा हात त्याच क्षणी दाखवतो. लहानपणी चूक झाली की गुरुजी हातावरच छडी मारत, त्यामुळे भटजींचा हात जिभेपेक्षाही पक्का झाला होता.

एकच उणे होते. मध्ये कोणी अडवले की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. तुटल्या जागेवरून धागा उचलण्याची सोय त्यांच्या जिभेला नव्हती.

श्रावणात सरकारची दक्षिणा वाटली जाई आणि तिच्यासाठी वैदिकांची परीक्षा होई. पहिल्या वर्षी भटजींना मध्येच शिंक आली. दुसऱ्या वर्षी ती परीक्षकांना आली. तिसऱ्या वर्षी कोणालाच आली नाही, पण आता येईल, मग येईल या धाकाने भटजी आपणच थांबले. तिन्ही वर्षी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिन्ही वर्षी परीक्षक जेवायला उठले. तेव्हापासून कोणी विद्वत्तेबद्दल विचारले की भटजी सांगत, ‘आरंभ माझ्याइतका पुण्यात कोणाचाच पक्का नाही.’

तिसऱ्या श्रावणानंतर मुक्ताबाईंच्या सासवडच्या भावाने निरोप धाडला, की यंदा भाऊबिजेला येईन तो रिकामी गाडी घेऊन येईन. तोवर काही नोकरी लागली नाही तर दोघांनी बोचकी बांधून माझ्याबरोबर चलावे. सासवडला मेहुण्याची भिक्षुकी दणकून चालत होती. तिथे दिगंबरभटांनी समिधा मोडून द्यायच्या होत्या. घनपाठ्याने समिधा मोडाव्यात यात अपमान काही नव्हता. फक्त मेहुण्याने त्या मोजून घेतल्या असत्या.

नोकरीची वाट उघडली ती शुक्रवार पेठेतल्या आप्पासाहेबांकडे. आप्पासाहेब पागेचे सरदार, आणि त्यांच्या घरात त्यांच्यावर हुकूम चालवणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे दिवाळीला माहेरी येणारी त्यांची थोरली बहीण, आक्कासाहेब. भाऊबिजेला बहिणीने आधी चंद्राला ओवाळायचे आणि मग भावाला. द्वितीयेचा चंद्र तो, नखाच्या कातरणीएवढा. सूर्य मावळल्यावर दिसू लागतो आणि तीन घटकांत आपणही मावळतो. आक्कासाहेबांची नजर मंदावली होती. गेली दोन वर्षे त्यांनी ‘तो बघा, तो बघा’ म्हणून लोकांनी दाखवलेल्या दिशेला ओवाळले होते. त्यांतल्या एका वर्षी आप्पासाहेब घोड्यावरून पडले, दुसऱ्या वर्षी घोडा आप्पासाहेबांवर पडला. आपण चंद्राऐवजी शेजारच्या देवळाच्या कळसाला ओवाळले, अशी आक्कासाहेबांची खात्री झाली होती.

यंदा भाऊबिजेच्या दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांना मोहिमेवर निघायचे होते. आक्कासाहेबांनी आषाढातच निरोप पाठवला, “आप्पा, चंद्र माझ्या डोळ्यांनी दिसला तर ओवाळीन. नाहीतर तू जाणार नाहीस.”

म्हणून आप्पासाहेबांनी मुंबईहून दुर्बीण आणवली. ती आली पेटीतून, सुटी सुटी. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रज वकिलाची छावणी होती आणि तिथे त्या साली हारपर नावाचा एक घड्याळजी येऊन राहिला होता. त्याने दुर्बीण जोडून दाखवली, आणि पावसाळी हवेत काचांवर बुरशी चढेल म्हणून पुन्हा सुटी करून पेटीत घातली. दिवाळीच्या आत तो मुंबईला परतणार होता. म्हणजे ती जोडायची कशी हे पुण्यात कोणीतरी शिकून ठेवायला हवे होते.

“पाठ करून ठेवायचंय ना? मग भट बोलवा,” आप्पासाहेब म्हणाले. दिगंबरभट आले तेव्हा त्यांना म्हणाले, “भटजी, तुम्ही भाऊबिजेला आक्काला चंद्र दाखवलात, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आमचे संगमावरचे दुभाषी.”

दिगंबरभटांनी होकार दिला. आपल्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही हे त्यांना ठाऊक होते; पण वेदाचेही एक अक्षर त्यांना एके काळी येत नव्हते, असा त्यांनी हिशेब केला. हा हिशेब करताना वेदाला चौदा वर्षे लागली होती आणि इंग्रजीला दोन महिने होते, हे त्यांच्या ध्यानातून निसटले.

शिकवणी संगमाकाठी बाभळीखाली चाले. साहेब खुर्चीवर बसे आणि भटजी चार हातांवर स्वतःच्या पाटावर. शिकवणी संपली की भटजी तसेच नदीत उतरून स्नान करीत. परकी विद्या शिकायची तर नदी अशी हाताशी असलेली बरी, असे त्यांना वाटे.

हारपर साहेबाला हिंदुस्थानी येई ती कोंबडी, घोडा आणि ‘जलदी’ एवढीच. तरी पहिल्याच दिवशी त्याने कागद पुढे ओढला आणि खूण केली, की लिहून देतो, चित्रही काढतो.

भटजींनी कानांवर हात ठेवले. लिहिलेले पाहून म्हणणारा माणूस त्यांच्या गुरुजींच्या लेखी मुका आणि बहिरा होता. “लिखना नको,” भटजी म्हणाले, “बोलो.” साहेबाने खांदे उडवले. पुढे या नकाराची आठवण झाली की भटजी स्वतःच्याच कपाळाला हात लावीत. पण त्या दिवशी त्यांची छाती फुगली होती.

दुर्बीण जोडण्याची चौतीस वाक्ये निघाली. साहेब एकेक भाग हातात घेई, नाव सांगे, जागा दाखवे आणि वाक्य म्हणे. ‘द रिंग जस्ट बिहाइंड द ग्लास.’ रिंग म्हणजे पितळेचे कडे, ग्लास म्हणजे काच, बिहाइंड म्हणजे मागे, हे भटजींना दोन दिवसांत कळले. प्रत्येक नामाआधी येणारा ‘द’ हा शब्द नसून साहेबाच्या घशाचा दोष असावा असे त्यांनी ठरवले आणि तो गाळला. राहता राहिला ‘जस्ट’.

हा शब्द त्यांना छळू लागला. तो वस्तू नव्हता आणि जागाही नव्हता. वस्तूचे नाव आणि जागा सांगणारे अव्यय यांच्या मधल्या फटीत तो येऊन बसे. रिंग, जस्ट, बिहाइंड. कधी जस्टऐवजी तिथे दुसरा कोणी असे. मळसूत्राला साहेब स्क्रू म्हणे, तर स्क्रू वेल अबव्ह. धाकटी नळी थोरलीत बसवायची, तर ट्यूब हाफवे इन्टू. खिळी राइट थ्रू. माणसे बदलत, पण पाट तोच. भटजींनी चौतीस वाक्ये तपासली. सव्वीस वाक्यांत त्या फटीत कोणी ना कोणी बसलेले सापडले.

मग त्यांनी ती घनात घातली. ‘रिंग जस्ट जस्ट रिंग रिंग जस्ट बिहाइंड बिहाइंड जस्ट रिंग रिंग जस्ट बिहाइंड.’ आणि त्यांना एक शोध लागला. सरळ म्हणा की उलटे म्हणा, रिंग आणि बिहाइंड जागा बदलतात, मधला जस्ट मात्र मध्येच राहतो. इतकेच नव्हे, तर सबंध वाक्य उलटे म्हटले, ग्लास बिहाइंड जस्ट रिंग, की इंग्रजी बरीचशी आपल्यासारखी वागू लागते: काच, मागे, कडे. त्या दिवशी संगमावरून परतताना भटजी दोनदा आपणहून हसले. जो शब्द कधीच हलत नाही त्याला अर्थाची गरज नसते, तो वेदातल्या पादपूरणासारखा जागा भरायला असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चुकीच्या निष्कर्षाला इतकी व्यवस्थित मांडणी पुण्यात त्यापूर्वी क्वचितच मिळाली असेल.

घरी सकाळ-संध्याकाळ आवर्तने चालत. मुक्ताबाई भाजी निवडता निवडता ऐकत.

“अहो, हे जस्ट कोण?” त्यांनी एकदा विचारले. “सारखं मध्ये मध्ये येतं.”

“त्याला अर्थ नाही.”

“मग बसतं कशाला?”

“जागा रिकामी दिसली की बसतं.”

“सासवडला दादाच्या पंगतीला असा एकजण असतो. पण त्याला निदान नाव तरी असतं. साहेबाला विचारलंत का, हे काय म्हणून?”

“विचारलं. तो बोलत नाही, हात दाखवतो. जस्ट म्हणताना असं.” भटजींनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. दोन्हींमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. “वेल म्हणताना खांद्यापासून हात फेकतो. राइट म्हणताना तळव्यावर मूठ मारतो. हाफवे म्हणताना कोपर ते मनगट मोजून मध्ये रेघ मारतो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“हात पाठ केला.”

“म्हणजे?”

“म्हणजे तो त्या शब्दाचा स्वर आहे. त्यांच्या शाखेतही हात चालतो, एवढं पाहून बरं वाटलं.”

मुक्ताबाईंनी भाजीतली एक काडी उचलून बाजूला ठेवली. “बोचकं मोठं बांधू की लहान?” त्यांनी विचारले.

हारपर साहेब आश्विनात मुंबईला गेला. जाताना त्याने भटजींकडून चौतीस वाक्ये एकदा म्हणून घेतली. घन ऐकताना त्याचा चेहरा कसनुसा झाला, हे भटजींनी भक्तिभाव समजून मनात ठेवले.

भाऊबिजेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भटजी आप्पासाहेबांच्या गच्चीवर हजर झाले. दुर्बिणीच्या नळीवर चामडे चढवलेले होते, त्यामुळे ती हाताळायला त्यांना दुसऱ्याचे हात हवे होते. आप्पासाहेबांनी तलवारींना धार लावणारा सिराज शिकलगार बोलावून घेतला होता. सिराज पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या दुकानात धारेचा चरक दिवसभर खरखरत असे, त्यामुळे तो आणि त्याचे कारागीर एकमेकांशी खुणांनीच बोलत. तो बोलला तर मोठ्याने बोले, चरक बंद असला तरी.

“भटजी, तुम्ही सांगायचं, मी बसवायचं!” तो ओरडला. “चूक झाली तर कोणाची?”

“साहेबाची,” भटजी म्हणाले. “तो मुंबईत आहे.”

पेटी उघडली. भटजी पाटावर बसले, डोळे मिटले आणि सुरू झाले. चौतीस वाक्यांचा घन म्हणायला अर्धी घटका पुरे. एक वाक्य विणून झाले की भटजी थांबत, त्याचा अर्थ सांगत, सिराज भाग बसवी, मग पुढले. सहाव्या वाक्याला खालून गडी पानसुपारी घेऊन आला. “भटजी, विडा.” भटजी पहिल्यापासून सुरू झाले. अकराव्या वाक्याला स्वतः आप्पासाहेब आले. “कुठवर आलं?” भटजी पहिल्यापासून. सिराजने बसवलेले भाग काढले नव्हते, तरी भटजी तुटल्या जागी येईपर्यंत तो दरवेळी इमानाने हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. एकोणिसाव्या वाक्याला आक्कासाहेबांनी जिन्यातूनच विचारले, “अजून चाललंय का रे त्यांचं?” आणि चालत असलेले थांबले.

“पहिल्यापासून कशाला?” आप्पासाहेब म्हणाले. “एकोणीस झाली ना? विसावं म्हणा.”

“विसावं एकटं येत नाही,” भटजी म्हणाले. “ते एकोणिसाव्याचं बोट धरून येतं.”

“आणि एकोणिसावं?”

“अठराव्याचं.”

“म्हणजे वरात आहे. चालू द्या.”

सिराज मध्ये मध्ये विचारी. “कडं काचेच्या मागे. किती मागे?”

“मागे म्हणजे मागे. साहेबानं मागेच म्हटलंय.”

“आणि हे मळसूत्र पायाच्या वर. किती वर?”

“वर म्हणजे खाली नाही.”

सिराजने मान हलवली आणि सोयीने बसवले. चौतिसावे वाक्य संपले तेव्हा शनिवारवाड्याकडून सूर्यास्ताचा चौघडा ऐकू आला. पश्चिमेला आकाश तांबडे झाले. थोड्या वेळाने सिराजने बोट केले. कोर दिसत होती, ज्यांना दिसायची त्यांना. आक्कासाहेब तबक घेऊन वर आल्या. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. आप्पासाहेबांनी दुर्बीण कोरीकडे वळवली आणि आधी स्वतः डोळा लावला.

त्यांनी डोळा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“भटजी,” ते म्हणाले, “चंद्र आहे की वाटीतलं थिजलेलं तूप?”

भटजींनी हात मागे बांधून, चामड्याला न शिवता, डोळा लावला. तूपच होते. मधोमध पांढरट, कडेला ओघळलेले. आपण दोन महिने रोज स्नान करून जे शिकलो ते हे, असा विचार त्यांच्या मनात आला. समिधांचा वासही आला.

“मला बघू दे,” आक्कासाहेब म्हणाल्या. त्यांनी पाहिले आणि डोळा काढला. “आप्पा, हे तर मला दुर्बिणीशिवायही दिसतं. मला सगळंच असं दिसतं.” त्यांनी तबक कठड्यावर ठेवले. “तू उद्या जायचं नाहीस.”

“आक्का, फौज निघते आहे.”

“मग चंद्र दाखव.”

आप्पासाहेब भटजींकडे वळले. “कोर अडीच घटकांनी बुडेल. काय चुकलं?”

“एकही शब्द चुकलेला नाही,” भटजी म्हणाले, आणि ते खरे होते. तेवढेच खरे होते. “पाहिजे तर पुन्हा म्हणून दाखवतो.”

“पुन्हा? पहिल्यापासून?”

दुसरा मार्ग भटजींना ठाऊकच नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि घन सुरू केला. या वेळी अर्थ सांगायला ते थांबले नाहीत, कारण अर्थावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. जीभ धावत होती आणि तिच्याबरोबर उजवा हात धावत होता. रिंग जस्ट जस्ट रिंग. मनात मात्र सासवडचा घाट चढून झाला होता आणि मेहुणा दारात समिधा मोजत उभा होता. तिसऱ्या वाक्यापर्यंत ते आले असतील, तोच गच्चीवर कोणीतरी ओरडले.

“भटजी, तोंड बंद करू नका!”

सिराज होता. भटजी दचकले, पण अडवण्याऐवजी चालू ठेवा असे कोणी ओरडण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. जिभेला काय करावे कळेना, म्हणून ती चालू राहिली.

सिराज त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता आणि त्यांच्या तोंडाकडे पाहतच नव्हता. दुकानातली खूण वाचावी तसा तो हाताकडे पाहत होता; मघाशी अर्थ ऐकण्यात तो हात त्याने नीट पाहिलाच नव्हता. जस्टला बोटांची चिमूट, मध्ये तांदळाएवढी फट. सिराज उठला आणि काचेच्या मागे चार बोटांवर बसवलेले कडे सरकवत सरकवत काचेला जवळजवळ भिडवले. तांदळाएवढी फट ठेवली. पुढे वेल आणि खांद्यापासून फेकलेला हात आला. सिराजने मळसूत्र सोडले आणि पायापासून चांगले वीतभर वर नेऊन आवळले. तळव्यावर मूठ आदळली. सिराजने खिळी ठोकून आरपार केली. मग कोपर, मनगट, मध्ये रेघ. मघाशी सिराजने धाकटी नळी पार आत ढकलली होती. ती त्याने ओढली, वितीने मोजली आणि अर्धी बाहेर ठेवली.

सगळे उभे राहून पाहत होते. आप्पासाहेबांनी एकदा तोंड उघडले, तेव्हा आक्कासाहेबांनी त्यांचा दंड धरला. “बोलू नको रे. ते पुन्हा पहिल्यावर जातील.”

चौतिसावे वाक्य संपले. भटजींनी डोळे उघडले, तेव्हा सिराज दुर्बिणीपाशी उभा होता आणि कमरेच्या फडक्याने पितळ पुसत होता.

आक्कासाहेबांनी डोळा लावला. त्यांचा हात हळूहळू वर आला आणि कपाळाला टेकला.

“किती धारदार आहे,” त्या म्हणाल्या. “आणि काठावर खड्डे खड्डे आहेत रे, आप्पा.” मग जरा थांबून, “पण शिंगं खाली का?”

सगळ्यांनी भटजींकडे पाहिले. काहीतरी बोलायला हवे होते.

“तोच आहे, आक्कासाहेब,” भटजी म्हणाले. “साहेबाच्या काचा उलटा पाठ म्हणतात.”

“मग चालेल.” त्यांनी तबक उचलले आणि दुर्बिणीच्या मागच्या तोंडापाशी, जिथे त्यांना चंद्र दिसला होता तिथे, ओवाळू लागल्या.

“आक्का, चंद्र तिकडे आहे,” आप्पासाहेबांनी आकाशाकडे हात केला.

“तिकडे दोन वर्षं ओवाळलं. मला इथे दिसला, मी इथे ओवाळणार.” काजळी लागेल म्हणून सिराजने नळी बोटभर मागे ओढली. आक्कासाहेब बोटभर पुढे सरकल्या. मग त्यांनी आप्पासाहेबांना पाटावर बसवून ओवाळले, आणि कोर मावळायला अजून घटकाभर अवकाश होता.

“वा, भटजी!” आप्पासाहेब उठून म्हणाले. “काय इंग्रजी आहे! ऐकून सिराजसारख्या माणसाला कळली. उद्यापासून संगमावर—”

इथे गप्प बसायचे होते. तेवढे जमले असते तर सगळे जमले होते. पण दिगंबरभटांना लहानपणापासून एक वाईट खोड होती: पाठ चुकला की ते स्वतःच हात पुढे करीत.

“सरकार, एक सांगायचंय,” ते म्हणाले. “मला चौतीस वाक्यं येतात. पस्तिसावं येत नाही. आणि या चौतिसांतले मधले शब्द मी बिनकामाचे समजत होतो. कडं मागे एवढंच मला ठाऊक होतं. किती मागे हे त्या मधल्या शब्दात होतं, आणि ते सिराजमियाँनी माझ्या हातावरून ओळखलं. माझ्या हाताला जे येत होतं ते मला येत नव्हतं.”

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “म्हणजे उद्या संगमावर साहेबाला विचारायचं झालं, आमच्या घोड्यांना नदीपलीकडे उतरायला जागा मिळेल का, तर तुम्ही काय विचाराल?”

भटजींनी प्रामाणिकपणे विचार केला. “मी त्यांना कडं काचेच्या मागे बसवायला सांगेन, सरकार. अगदी जवळ.”

सिराज मोठ्याने हसला. चरक बंद होता, त्यामुळे ते हसू खालच्या चौकापर्यंत गेले.

“ठीक,” आप्पासाहेब म्हणाले. “दुभाषी मी दुसरा बघतो. तुम्हाला पाठवलं तर तहाची लढाई व्हायची.” त्यांनी पगडी उचलली. भटजींनी मान खाली घातली. मनात सासवडचा घाट पुन्हा सुरू झाला.

“आणि पुढच्या वर्षी ही नळी कोण जोडणार?” आक्कासाहेबांनी विचारले.

“आक्का, आता जोडलेलीच आहे.”

“पावसात बुरशी येते ना? मग काढून ठेवावी लागेल. काढली की जोडावी लागेल. मी पुढल्या वर्षीही येणार आहे, आप्पा. आणि तू पुढल्या वर्षीही हवा आहेस.”

आप्पासाहेब जिन्याच्या तोंडाशी थांबले. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिले, एकदा दुर्बिणीकडे.

“बरं. दुर्बिणीकडे दोघांना ठेवतो. सिराजची हत्यारं आणि भटजींचा हात.” दोन पायऱ्या उतरून ते म्हणाले, “तोंडाचा काही उपयोग सापडला, तर कळवू.”

भटजी घरी आले तेव्हा ओसरीवर मेहुणा जेवून सुपारी कातरत बसला होता. अंगणात गाडी सोडलेली होती आणि दाराशी दोन बोचकी बांधून ठेवली होती, दोन्ही मोठी. मुक्ताबाईंनी भावाला केव्हाच ओवाळले होते. त्यांना चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसत असे.

“लागली का?” त्यांनी विचारले.

“लागली.”

“दुभाष्याची?”

“नाही. हाताची.” भटजींनी सगळे सांगितले. काही न लपवता, आणि सवयीप्रमाणे पहिल्यापासून.

मुक्ताबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. “म्हणजे ते जस्ट रिकामं बसलेलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मी विचारलं होतं.”

“विचारलं होतंस.”

“वर्षातून एकदा बोलायचं आणि बाकी गप्प बसायचं. असली नोकरी तुम्हाला शोधून सापडली नसती,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि पहिल्या बोचक्याची गाठ सोडायला बसल्या.

मेहुण्याने अडकित्ता मिटला. गाडी रिकामी न्यावी लागणार हे त्याला अजून पुरते पटले नव्हते. “असू दे, असू दे,” तो म्हणाला. “आज नाही तर नाही. पण सासवडला मग कधी येता, दिगंबरपंत?”

भटजी उत्तराचा आरंभ शोधू लागले. त्यांचा उजवा हात मात्र, त्यांना न विचारता, खांद्यापासून निघाला आणि पार दाराबाहेर गेला.